माझ्या खात्यावरची माफी माझी नाही

मी, मारिया गोरेती वुर्यानी, वय एकसष्ट, धर्म कॅथलिक, अविवाहित, धंदा ब्युटी पार्लर, राहणार सेमारांग, जावा, हा लेख स्वखुशीने लिहून ठेवते. यकृताने दगा दिला आहे, डोक्याने नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकणारे दमून गेले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालंच, तर तो माझा भाऊ हार्तोयो असेल आणि ते खोटं असेल.

कलम १. पार्लरच्या ऑनलाइन खात्यावर पूर्वी मी केसांचे फोटो टाकायचे. मग एका दुपारी फर्निचरच्या कारखान्यातली एक बाई खुर्चीत बसली. मला सगळ्या बू म्हणतात, म्हणजे बाई. ती म्हणाली, "बू, इतके कापा की मला कोणी ओळखू नये." तिच्या मुकादमाने, दार्सोनोने, कपडे बदलायच्या खोलीत मोबाईल लपवून तिचं चित्रण केलं होतं. ते शहरभर फिरत होतं. तक्रार दिलीस तर तुझाच बोभाटा होईल, असं पोलिसांनी तिला सांगितलं होतं.

मी दार्सोनोचं नाव खात्यावर टाकलं. तिचं टाकलं नाही. त्याखाली शेकडो बायकांनी आपापलं लिहिलं. कोणाचा मास्तर, कोणाचा दीर, कोणाचा डॉक्टर. पुरुषांनीही लिहिलं. त्यातल्या बहुतेकांनी एकच विचारलं, "लिंक आहे का?"

ते आठवलं की अजून तोंडात कडू पाणी येतं. शिव्या परवडल्या, शिवी देणारा निदान चिडलेला असतो. हे लोक भात वाढा म्हणावं तसं मागत होते. त्यातले तिघे आमच्या चर्चमध्ये गातात, आणि त्यांच्या बायकांचे केस मी कापते. या तिघांनी माझ्या शवपेटीला हात लावू नये, माझ्यासाठी गाऊ नये. नावं माझ्या पार्लरमधल्या सुलास्त्रीला तोंडपाठ आहेत.

कलम २. दार्सोनोने माझ्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्याने दुसरीची अब्रू गावभर वाटली त्याचीच अब्रू गेली, हे कोर्टाला पटलं आणि मी तुरुंगात गेले. जाताना मोबाईल हार्तोयोकडे दिला. त्याने माझ्या नावाने माफी टाकली: "मी एकटी, चिडकी बाई आहे, गैरसमजातून लिहिलं." शिवाय खालचं बायकांचं सगळं लिखाण पुसलं.

तो भेटायला आला तेव्हा मी विचारलं, "कोणाला विचारून केलंस?"

"म्बाक, तू माझी थोरली बहीण. तुझ्यासाठीच केलं. लोक विसरतील बघ."

"त्या बायका विसरतील?"

"कुठल्या बायका? त्यातली एक तरी तुझ्या ओळखीची आहे का?"

दार्सोनोने हार्तोयोच्या मुलाला कारखान्यात चिकटवलं होतं, हे मला सुटल्यावर कळलं.

सबब हार्तोयोला माझ्या मिळकतीतलं काही मिळू नये. आणि मी शुद्धीवर राहून लिहिते: मी माफी मागितलेली नाही. ते चित्रण दार्सोनोनेच केलं. हा सगळा लेख माझ्यानंतर खात्यावर जसाच्या तसा टाकावा. त्याला पुन्हा माझ्यावर फिर्याद करायची असेल तर दफनभूमीत यावं लागेल.

कलम ३. मी सुटले तेव्हा दारात जाकार्ताच्या किनासिहबाई कॅमेरा घेऊन उभ्या होत्या. बायकांच्या हक्कांवर त्या रोज बोलतात, लाखो लोक बघतात. मला म्हणाल्या, "बू, जरा परत आत जाऊन बाहेर याल का? आणि थोडं रडलात तर बरं. लोक जोडले जातात."

मी म्हटलं, "बाई, मला लघवीला जायचंय."

कोर्टात मी म्हणाले होते की आरशासमोर बसलेली बाई खोटं बोलत नाही. ते वाक्य त्यांनी टी-शर्टवर छापून विकलं. पुढे ते रंग उजळवणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीत आलं, माझ्या सावळ्या तोंडाखाली. स्त्रीवाद हा शब्द मला खात्यावरच्या पोरींनी शिकवला. शब्दाशी माझं भांडण नाही, त्याचं दुकान मांडणाऱ्यांची मला किळस येते. माझा चेहरा, आवाज, वाक्य कोणत्याही मोहिमेने वा क्रीमने वापरू नये. महिला दिनाला तर मुळीच नाही.

कलम ४. खातं व त्याचा पासवर्ड सुलास्त्रीकडे जावा. पुसलं गेलेलं काही बायकांनी पुन्हा लिहिलं आहे. जिला आपलं काढायचं असेल तिला का म्हणून विचारू नये. लिंक मागणारा दिसला की हाकलावा. समजूत घालत बसू नये. मी घातली, कोणी समजलं नाही.

कलम ५. पार्लर आणि वरच्या दोन खोल्या मी केस कापायला आलेल्या त्या बाईला देणार होते. काल ती माझ्याबरोबर नोटरींकडे आली. साक्षीदार एक कमी होता. ती म्हणाली, "मी करते सही."

नोटरी म्हणाले, "तुम्हाला मिळकत मिळतेय. तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही."

"मग मिळकत नको."

मी म्हटलं, "अगं वेडे, भाड्याच्या खोलीत राहतेस. सही काय, कोणीही करील."

"बू, पेपरात मी पीडिता. कोर्टात नुसतं आद्याक्षर. तुमच्या खात्यावर 'एक बाई'. मला एकदा नाव लिहू द्या."

नोटरींनी चष्मा काढला. "बाई, हे सगळ्यांना वाचायला मिळणार आहे. नाव फिरेल तुमचं."

"माझं अंग फिरलं, नोटरीसाहेब. नावाचं काय घेऊन बसलात?"

मी पुष्कळ समजावलं. ती माझ्यापेक्षा हट्टी निघाली. सबब पार्लर व दोन्ही खोल्या सुलास्त्रीला द्याव्यात.

लेख मला वाचून दाखवला. मी ऐकला, एक शब्द सौम्य करायला नोटरींनी सुचवलं, मी तो तसाच ठेवला, आणि सही केली.

सेमारांग, १४ जून २०२३

सही: मारिया गोरेती वुर्यानी

साक्षीदार:

१. आंद्रेआस प्रायित्नो, नोटरींच्या कचेरीतील कारकून. सही.

२. युस्तिना मुरवाती, वय चौतीस, शिवणकाम. कलम एकमधली बाई ती मीच. लिहिलंय ते खरं आहे. सही.