चंद्रीची घासलेली शिंगं

गुरुवार, बाजारावरनं आल्यावर

दया आली म्हणून चंद्रीला माघारी आणलो न्हाई. गिऱ्हाईकच मिळालं न्हाई. दात झिजले की गाय कळपातून काढायची, ही आमची जुनी रीत. आता गोहत्याबंदीच्या कायद्याच्या भ्यानं खाटीक बी म्हातारी गाय घेत न्हाई.

तरणी दिसावी म्हणून थोरल्या पोरानं शिंगावरची वयाची कडी घासून तेल लावलं. चिटगुप्प्याच्या बाजारात एका गिऱ्हाईकानं तिचं तोंड उघडलं अन् हसला, "अप्पा, शिंगं घासली, दात कुठून आणणार?"

वाटेत थोरला म्हणाला, "रोडवरच सोडू. समदेच सोडायलेत."

एवढी वासरं दिली, अन् रोडवर कचरा खायला? दावं त्याच्या हातातून हिसकून घेतलो.

आता कोंडा भिजवून घातलाय. चावायचं काम न्हाई. शिंगं तेवढी चमकायलीत, बघवत न्हाई.

माघारी कामून आणलो, ते कुणाला सांगणार न्हाई.