चिंधी बांधलेलं घर

प्रिय धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर मला मोकळं बोलता येत नाही, कारण तुझा दादा शेजारीच बसलेला असतो आणि दोन वाक्यं झाली की फोन माझ्या हातातून घेतो. आत्ता तो समोरच्या बागेत बाकावर बसून गंजके खिळे निवडतो आहे. मला खिडकीतून दिसतो आहे, म्हणून लिहायला बसले.

आमच्या मंडळाचं तुला माहीत आहेच. मूठभर निवृत्त माणसं आणि एक शिडी. बागेतल्या झाडांवर पाखरांसाठी टांगलेली लाकडी घरं आम्ही सांभाळतो. पिल्लं उडून गेली की जुनं गवत काढायचं, घरं कढत पाण्याने घासून उन्हात वाळवायची, बिजागऱ्यांना तेल द्यायचं. दादा चढतो, मी शिडी धरते आणि सगळ्यांवर ओरडते. बागेत खेळणारी मुलं मला हेडबाई म्हणतात. मी जन्मात कधी शाळेत शिकवलं नाही, पण म्हणोत बापडी. आणि दादाचा एक नियम आहे. ज्या घरात जोडी राहायला आली, त्याला तो लाल चिंधी बांधतो. चिंधी असेपर्यंत त्या घराला कुणीही हात लावायचा नाही. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी एकदा नातीला पिल्लं दाखवायला झाकण उचललं, तर दादा सगळ्यांदेखत म्हणाला होता, ‘डॉक्टर, उघडून बघायची सवय दवाखान्यात ठेवून या.’ त्यानंतर महिनाभर दोघांत अबोला होता.

दरवर्षी मुलांसाठी आम्ही बागेत खजिन्याचा शोध ठेवतो. चिठ्ठ्या दादा लिहितो, खजिन्याचा पत्र्याचा डबा दादाच लपवतो, आणि कुठे लपवला ते मलासुद्धा सांगत नाही. यंदा चिठ्ठ्या लिहिताना त्याने कागदावर कागद फाडले. त्याआधी एकदा कात्री तांदळाच्या डब्यात सापडली होती. मी वयावर ढकलून मोकळी झाले. आपणही काही विशीत नाही, असं स्वतःला बजावलं.

शोधाच्या दिवशी मुलं चिठ्ठीवरून चिठ्ठीकडे पळत शेवटी पाण्याच्या टाकीमागच्या झाडाखाली आली आणि तिथेच थबकली. वरच्या घराला लाल चिंधी होती. एकही पोर पुढे होईना. दादा हसत म्हणाला, ‘अरे बघता काय, खजिना वरच आहे, उघडा!’ एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘आजोबा, चिंधी आहे. तुम्हीच सांगितलंय ना?’ तेव्हा त्याने स्वतः शिडीवर चढून झाकण उघडलं आणि डबा खाली आणला. डब्याच्या तळाला फुटलेली अंडी चिकटली होती. तो कितीतरी वेळ हाताकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, ‘ही चिंधी कुणी बांधली?’

धाकटे, ती त्याच्याच जुन्या सदऱ्याची चिंधी होती. त्याने बांधली तेव्हा शिडी मी धरली होती.

सगळे आमच्याकडे बघत होते, आणि मला त्याचा चेहरा बघवेना. मी मोठ्याने सांगून टाकलं की यंदा डबा मी ठेवला, घर बघायचं राहून गेलं. अध्यक्ष फार सभ्यपणे म्हणाले, ‘वहिनी, आता थोडे दिवस विश्रांती घ्या. शिडीचं आम्ही बघतो.’ घरी आल्यावर दादाने मला जे झापलं! इतकी वर्षं सांगतोय, तुझं लक्ष कुठे असतं? त्याला माझं खोटं तिथल्या तिथे पटलं होतं. अजूनही जेवताना मध्येच घास थांबवून म्हणतो, ‘निदान आत बघायचंस तरी.’ मी म्हणते, चुकलंच. दुसऱ्याची चूक पदरात घेणं एकदाच अवघड जाईल असं मला वाटलं होतं. ती रोज नव्याने घ्यावी लागते.

शहाणपणा केला खरा, पण पुढचं मला सुचलंच नाही. मी बाजूला झाले, त्यामुळे आता तो चढतो आणि शिडी भलतंच कुणीतरी धरतं. त्यांना वाटतं, हा पूर्वीचाच पक्का माणूस आहे. परवा तो वर चढला आणि कशाला चढलो तेच विसरून फांदीला धरून उभा राहिला. मी इथून चप्पल न घालता धावले. मला खाली बघून वरूनच म्हणाला, ‘आलीस? आता काय मोडणार आहेस?’ सगळे हसले. मीही हसले. त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं आहे. माझ्या सोबतीला आलोय अशाच समजुतीत तो तिथे बसला होता. हा विसर आता मागे फिरायचा नाही, वाढतच जाईल, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आमच्या मुलांना अजून कळवलेलं नाही. दिवसभर त्याच्या मागे डोळे लावून बसायचं आणि रात्री कडीच्या आवाजाकडे कान. मी थकले आहे गं.

आणि काल तुझा निरोप आला. दादाने तुला फोन करून सांगितलं की वहिनीला हल्ली काही आठवत नाही, ती भलतंच करून बसते, आणि तू मला थोडे दिवस तुझ्याकडे न्यायला येते आहेस. तुझी माया कळते, पण तसं करू नकोस. मला नेलंस तर तो दुसऱ्याच दिवशी शिडी घेऊन निघेल. न्यायला नको, राहायला ये. तो दारातच माझी तक्रार सांगेल, ती ऐकून घे आणि मान डोलव. मग माझ्याबरोबर अध्यक्षांकडे चल. त्याला शिडीवर चढू देऊ नका, हे मला सांगायचं आहे, आणि ते माझ्या एकटीच्या तोंडून निघत नाही. तो तुला ओळखतो आहे तोवर ये.

तुझीच, अजून सगळं आठवणारी,
वहिनी