गाडी डावीकडे जाते

३ फेब्रुवारी, सोमवार

जावयाचा पुन्हा फोन! "आई, घेऊन टाका हो एकदाचं. किती विचार कराल?"

किती म्हणजे? टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन घ्यायचंय, चहाची गाळणी नाही. सव्वीस वर्षं दुकानांचे वजनकाटे तपासण्यात गेली माझी. चकचकीत काटा दिसला की आधी संशय येतो. जावयाचं काय जातंय सांगायला!

पण घ्यायचं तर आहेच. गेल्या महिन्यात लेकीकडे गेलो होतो तेव्हा भिंगरीने ह्यांच्या हातात तो कंट्रोलर कोंबला. नऊ वर्षांची पोर, आजोबांना गाडी चालवायला शिकवत होती. हे धडाधड भिंतींवर आदळत होते आणि दोघं खो खो हसत होते. मी स्वयंपाकघरातून पळत बाहेर आले. ह्यांचं हसू! मला वाटलं कोणी पाहुणा आलाय.

ह्यांनी नोकरी सोडल्यापासून घरात एक शब्द नाही. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. यार्डातली क्रेन, मानाचं काम, सगळं सोडून एका सोमवारी घरी येऊन बसले. का, विचारलं तर "कंटाळा आला." बस्स. तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची आणि हे. जेवायला हाक मारली की उठायचं, जेवलं की परत तिथेच. वर्ष झालं.

आपल्याकडे एक मशीन असलं की रोज संध्याकाळी भिंगरी तिच्या घरून आणि हे इथून एकाच रस्त्यावर गाड्या पळवू शकतील. मध्ये सहा तासांचा प्रवास असला तरी. म्हणून घ्यायचं. पण महिन्याभरात बिघडलं तर? पुन्हा ती खुर्ची. म्हणजे आधी होतं त्याहून वाईट.

४ फेब्रुवारी

जावयाने लोकांचे अभिप्राय पाठवले. एक म्हणतो, तीन वर्षं झाली, तक्रार नाही. त्याच्याच खाली दुसरा: महिन्याभरात वाट लागली! तिसऱ्याने पाच तारे दिलेत. का? तर खोकं वेळेवर आलं म्हणून! मशीन अजून उघडलेलंच नाही बाबाने.

कपाळ माझं.

५ फेब्रुवारी

ठरत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसातून येताना दुकानात गेले. दुकानदार तरुण आहे, तोंडात साखर. मी सरळ विचारलं, "शंभर विकली तर परत किती येतात?"

"मॅडम, येतच नाहीत. शंभर टक्के खात्री!"

शंभर टक्के म्हणणारा माणूस भेटला की माझा हात आपोआप पर्समधल्या भिंगाकडे जातो. म्हटलं, हेच लिहून दे. मग लागला घाम पुसायला. शेवटी महिन्याभरात दोष निघाला तर बदलून देईन असं कागदावर लिहून घेतलं. सही घेतली, शिक्काही मारायला लावला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पोलिसात आहात का?"

म्हटलं, त्याहून वाईट. वजनमापात.

८ फेब्रुवारी, शनिवार

आलं एकदाचं मशीन. जावयाने फोनवरून सांगत सांगत जोडून घेतलं. तीनदा वेगळ्याच भोकात वायर घातली मी, पण जमलं. साडेसातला भिंगरी पडद्यावर हजर! कानाला तो हेडफोन लावून हे बसले, आणि काय सांगू, दहा मिनिटांत बोलायला लागले. "अगं थांब, मी येतोय! अगं, पुढे कुठे चाललीस!" वर्षभराचे शब्द एका संध्याकाळी खर्च केले.

मी बाजूला बसून मटार सोलत होते. अर्धी टरफलं भांड्यात टाकली आणि दाणे कचऱ्यात. असू दे.

फक्त एक. गाडी सारखी कठड्याला घासते. नवीन आहेत, शिकतील.

९ फेब्रुवारी

नाही. काहीतरी आहे. गाडी घासते ती दर वेळी डावीकडेच! चूक असती तर कधी इकडे, कधी तिकडे झाली असती. सतत एकाच बाजूला जातं तेव्हा दोष काट्यात असतो, हे मला कोणी शिकवायला नको.

म्हणून रीतसर तपासणी केली. त्या खेळात एक लांब सरळ पूल आहे. ह्यांना म्हटलं, डावा अंगठा कंट्रोलरवरच्या त्या छोट्या दांडीवर ठेवायचा, वापरात असतो तसाच, आणि गाडी सरळ न्यायची. मी फक्त लिहिणार. आमच्या खात्याची पद्धतच ती. काटा दुकानदाराने चालवायचा, निरीक्षकाने हात लावायचा नाही, फक्त बघायचं. नाहीतर उद्या म्हणतील, बाईंनीच दाबला.

दहा फेऱ्या. नऊ डावीकडे!

१० फेब्रुवारी

सापडलं! जावई म्हणतो, ह्याला नावसुद्धा आहे. आतली दांडी झिजते, मग कोणी न ढकलता गाडी आपली आपण सरकते. जगभर लोक ओरडताहेत म्हणे. बघा! मी काय म्हणत होते!

हे म्हणाले, "राहू दे गं. चालतंय की."

चालतंय म्हणे. 'चालतंय की' म्हणणाऱ्या गिऱ्हाईकांमुळेच दुकानदार माजतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात नेलं. त्याने जोडलं, पाच मिनिटं चालवलं, गाडी सुतासारखी सरळ. वर माझ्याकडे बघून हसतो! म्हटलं, दुकानात सगळेच काटे बरोबर असतात, राजा. घरी आल्यावर खरं रूप दाखवतात.

कागद दाखवला. शिक्का दाखवला. बदलून घेतलं.

१३ फेब्रुवारी

दुसरं मशीन. पहिला अर्धा तास बरं चाललं. मग पुन्हा डावीकडे.

म्हणजे तापतंय! ऊन-थंडीत काटेही सरकतात. मशीनच्या मागे पंखा लावला. मशीन गार, मी गार, मला सर्दी. गाडी डावीकडेच.

रोज तपासणी चालू आहे. तीच जागा, तेच टेबल, तोच टीव्ही, चालवणारे हेच. एक गोष्ट बदलली तर निकालाला काय अर्थ उरतो? वही भरत आली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज वाईट झालं.

शर्यत चालू होती. ह्यांची गाडी पुन्हा कठड्याला. भिंगरी आधी हसायची, आज हसली नाही. म्हणाली, "आजोबा, तुमचं मशीन बरं झालं ना, की मला सांगा. तोपर्यंत मी मैत्रिणीबरोबर खेळते."

पोर आहे, मनात काही नाही तिच्या. "हो बाळा," म्हणाले. कंट्रोलर ठेवला, वायर नीट गुंडाळली आणि खुर्चीत जाऊन बसले. मी काहीबाही बोलत राहिले. भिंतीशी बोलावं तसं.

आठ दिवस. आठच दिवस मिळाले मला हसणाऱ्या माणसाबरोबर. आणि घालवले कशामुळे, तर त्या दीडदमडीच्या दांडीमुळे! असा संताप आलाय की ते मशीन गॅलरीतून खाली फेकावं.

१७ फेब्रुवारी

सकाळी हे म्हणाले, "परत करून टाक. मला नकोच." दिवसभरात एवढीच दोन वाक्यं.

मी ऐकते होय! अर्धी सुट्टी टाकून दुकान गाठलं. आज साखर संपली होती त्याच्या तोंडातली. म्हणतो, "मॅडम, दोन्ही मशीनं मी तपासली. दोष नाही. काकांना सवय नसेल हो, वयामुळे..."

एवढं म्हणायची खोटी, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचंय का तुला? अरे, हा माणूस एकतीस वर्षं क्रेनवर होता. वीस टनांचा लोखंडी खांब खाली टेकवायचा तर खालची धूळ उडायची नाही. यार्डात नवीन पोरं आली की साहेब त्यांना ह्यांचे हात बघायला पाठवायचा. त्या हातांना तू सवय शिकवतोस? तुझ्या दांड्यांनीच शिकावं त्यांच्याकडून!

दुकानातली गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. थांबू देत. तिसरं मशीन घेऊनच बाहेर पडले.

घरी आल्यावर सगळं साग्रसंगीत सांगितलं ह्यांना. वाटलं हसतील. हातांचं सांगितलं तेव्हा उठून पाणी प्यायला गेले.

२० फेब्रुवारी

तिसरं. दहापैकी दहा. डावीकडे!!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन नग, तिन्हींत तोच दोष, म्हणजे सगळा मालच खराब. कारखान्यातूनच तसा येतोय. सोडणार नाही. दुकानदाराला फोन केला: आता मी येणार नाही, तू ये. माझ्या घरी, माझ्या टीव्हीवर, तास न् तास चालवून दाखव. सरळ गेली तर मी तुझी माफी मागेन. तोही चिडलेला. "रविवारी येतो," म्हणाला.

खरं सांगू का, मशीनचं मला काय पडलंय? मला भीती वाटते ती त्या खुर्चीची. एक दिवस हाक मारीन आणि हे जेवायलाही उठणार नाहीत, असं वाटतं. काल पुन्हा विचारलं, खरं सांगा, नोकरी का सोडलीत? साहेबाशी भांडण झालं का? "कंटाळा आला, सांगितलं ना." आडात असेल तर पोहऱ्यात येईल. ह्या माणसाचा आडच बंद आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज लिहवत नाही. तरी लिहिते.

दुकानदार आला चार वाजता. चहा घेतला नाही. ह्यांच्याच जागेवर बसला, तोच कंट्रोलर, तोच पूल. पहिली फेरी सरळ. दुसरी सरळ. मी म्हटलं, तापू दे. अर्धा तास झाला, तास झाला. तेवीस फेऱ्या. तेवीस सरळ. मी वहीत लिहितेय आणि माझं मलाच पटेना.

"आता काकांना द्या," तो म्हणाला. ह्यांनी घेतला. पहिलीच फेरी, निम्म्या पुलावर गाडी डावीकडे झुकली आणि कठड्याला लागली.

मी म्हटलं, बघ! बघ, गेली की नाही!

तो मशीनकडे बघतच नव्हता. ह्यांच्या हाताकडे बघत होता. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मावशी, एकदा तुम्ही धरा."

मी! पंधरा दिवसांत मी एकदाही गाडी चालवली नव्हती. धरला. डोळे फाडून, जीव मुठीत घेऊन चालवली. बैलगाडीच्या वेगाने गेली, पण सरळ गेली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा चालवली. पुन्हा सरळ.

कंट्रोलर टेबलावर ठेवला. आम्ही काटा तपासायला जातो तेव्हा पेटीत आपली पितळी वजनं असतात. काट्यावर शंका घ्यायची, दुकानदारावर घ्यायची, त्या वजनांवर कोण घेतं? ह्यांचे हात मी तसे धरले होते. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि स्वतः पहिलीच्या पोरासारखी चुकले.

तेवढ्यात दुकानदार उठला आणि मोठ्याने म्हणाला, "मशीनमध्येच गडबड दिसतेय, काका. मी उद्या नवीन आणून देतो." धडधडीत खोटं! माझ्या देखत, माझ्या वहीत तेवीस आकडे असताना! आणि त्याच्या पाया पडावंसं वाटलं मला. किती बोलले होते त्या पोराला.

वायर काढायला तो खाली वाकला. हे म्हणाले, "असू दे. काढू नकोस. मशीन चांगलं आहे."

२४ फेब्रुवारी

रजा टाकली. सकाळी त्यांचा डावा हात माझ्या हातात घेऊन बसले. स्वस्थ धरला तरी अंगठा आपला आपण ओढत होता, बारीक. कधीपासून, विचारलं.

"दीड वर्ष झालं. म्हणून तर सोडली क्रेन. खाली माणसं उभी असतात गं."

मला का नाही सांगितलंत? मी तीन-तीन मशीनं बदलत बसले, तेव्हा तरी!

"तू दुकानात भांडून यायचीस. माझ्या हातांवर विश्वास असलेलं एवढं एकच माणूस उरलं होतं."

रडले. तेही रडले. उद्या अकरा वाजता डॉक्टरकडे जायचंय, दोघांनी.