युवराजांची दाढी

ल्यों, तुरुंगाचा वरचा मजला (हवा बरी आहे)

तीर्थस्वरूप आंब्रुआज दाजींना धाकटा मेहुणा फ्लोरी याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता दुमडतो का? ताईचा खोकला? यंदा तुमच्या लाकडी पिंपांना गिऱ्हाईक कसे आहे? मी ठीक आहे, म्हणजे मान अजून धडावर आहे.

झाले असे. आमच्या धंद्यात (तुम्हाला त्याचे कधी कौतुक नव्हते, जाऊ दे) राजा मेला म्हणून तसबिरी छापायला कोणी नवा तांब्याचा पत्रा कोरत नाही. चिलखत, पदके, झालर कोरायला पाच महिने लागतात. चेहरा पंधरा दिवसांत होतो. म्हणून जुने तोंड तेवढे घासून काढायचे आणि त्याच गळपट्टीवर नवे बसवायचे. माझे चिलखत दोन राजांना पुरले आहे. तर ईस्टरनंतर नावाड्यांनी बातमी आणली, महाराज गेले. मी म्हटले, थांबू या, देवळाच्या घंटा तरी वाजू देत. पण आमची घरधनीण पेर्नेत ऐकेल तर शपथ! "बस घंटांची वाट बघत. शेजारचा छापून मोकळा होईल, मग चाट ते तांबं," म्हणाली. घासले मी तोंड. आता युवराजांना इथे कोणी पाहिले आहे? माझ्या चित्रांच्या वहीत ईस्टरचे जेवण झाल्यावर घोरत पडलेले तुम्ही होतात. तुमचे डोळे उघडले, मुकुट चढवला. देखणे दिसलात हो दाजी! जत्रेत ऐंशी प्रती खपल्या.

मग घंटा वाजल्या, त्या महाराज बरे झाल्याच्या. अख्खी कोंबडी खाल्ली म्हणे. राजा जिवंत असताना वारसाला मुकुट घालून विकणे म्हणजे राजाचे मरण चिंतणे, आणि त्याला फाशी. कोतवालाने माझ्यापुढे प्रत आपटली. मी गयावया केली, अहो, हे युवराज नव्हेतच! तो म्हणाला, "ते दिसतंय रे शहाण्या. युवराज अकरा वर्षांचे आहेत. हा दाढीवाला कोण गादीवर बसायला निघालाय?" युवराज म्हणावे तरी फास, नाही म्हणावे तरी फास. तीन दिवस मी तोंड उघडले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी पेर्नेतला आणून समोर उभे केले. सातवा महिना आहे तिला.

बाकी क्षेम. मुलांना पापे.

तुमचा,
फ्लोरी

ता.क. पत्र घेऊन आलेला माणूस साधा निरोप्या नाही. त्याच्या पिशवीत चित्राची प्रत आहे, आणि एव्हाना त्याने ती तुमच्या तोंडाशी ताडून पाहिली असेल. पळू नका, मागच्या दाराशीही एक उभा आहे.

आणखी ता.क. चित्र तुम्ही हौसेने काढवून घेतलेत, मुकुटही तुम्हीच घालायला सांगितलात, असे मी लिहून दिले आहे. विचारले तर हो म्हणा. नाही म्हणालात तर दोघांनाही टांगतील. हो म्हणालात तर मी सुटतो. मला माझीच किळस येते, दाजी. तरी हो म्हणा.

शेवटचा ता.क. ताईला वाचता येत नाही. तिला सांगा, फ्लोरी मजेत आहे.