शनिवारचा सरपंच

बाबा, आज नातीचं नागरिकशास्त्राचं पुस्तक चाळलं आणि तुमच्यावरचा जुना राग पुन्हा डोक्यात गेला. तिची शाळा दिल्लीच्या अभ्यासक्रमाची. संसद, राष्ट्रपती, सर्वोच्च न्यायालय, सगळं रंगीत चित्रांसकट. ग्रामपंचायत शेवटच्या दोन पानांत, आणि तीही परीक्षेला नाही म्हणे. मी पुस्तक आपटलं. सून म्हणाली, "आई, त्या पुस्तकानं तुमचं काय घोडं मारलं?" मारलंय ना! तुमच्या डोळ्यांदेखत, आपल्याच शाळेत मारलंय.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मोताळ्याजवळच्या आपल्या गावात चौथीपर्यंतची शाळा, एकच खोली आणि एकच मास्तर, तुम्ही. घरी बाबा, शाळेत गुरुजी. चुकून 'बाबा' म्हटलं की वर्ग खिदळायचा. जुन्या नागपूर सरकारचं पुस्तक गेलं, मुंबई राज्याचं आलं, तेही जायचं होतं, आणि नवं येईतो नागरिकशास्त्र तुम्ही तुमच्या मनानं शिकवायचात. शनिवारी सकाळच्या शाळेत सरपंचांना बोलवायचं, त्यांना सतरंजीवर बसवायचं आणि पोरांनी उभं राहून त्यांना प्रश्न विचारायचे. विचारणारा उभा, उत्तर देणारा बसलेला, हा तुमचा नियम. सरपंच हौशी गडी. धोतर सावरत मांडी घालायचे आणि म्हणायचे, "विचारा बे, आज मले कोन धुऊन काढते?" पिंजाऱ्याच्या पोरीनं एकदा विचारलं, "मतं मांगाले आमच्या घरी आलते, मंग आता काऊन येत नाही?" सरपंच हसले, कानाला हात लावला, आणि संध्याकाळी खरंच तिच्या अब्बाकडे जाऊन चहा पिऊन आले. तुम्ही त्या दिवशी किती खूश होता.

मग शाळा तपासणारे दीपोटी साहेब आले, आणि आले नेमके शनिवारी. माझी पाळी होती. मी उभी राहून विचारलं, "सरपंच, खालच्या आळीच्या विहिरीले कठडा काऊन नाही? तिथं पोरगी पडली होती नं?" सरपंचांनी मान खाली घातली. साहेब तुमच्यावर उखडले, "गुरुजी, हा काय तमाशा लावलाय? केंद्र सरकार आराखडा करतंय. साऱ्या देशातल्या पोरांनी एकच इतिहास, एकच नागरिकशास्त्र शिकायचं. देश आधी, गाव मागून. तुमचा कठडा त्यात कुठं बसतो?" मला वाटलं, आता बाबा बोलतील. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "बस खाली. पुस्तकात नाही ते विचारायचं नाही." आणि बोललं कोण, तर सरपंच! "साहेब, पोरीनं खोटं नाही विचारलं. कठडा राह्यलाच आमच्याकून." मला इतकी लाज वाटली तुमची. लाजेपेक्षा संताप जास्त.

त्या संध्याकाळी आई चुलीपुढे बसली आहे, भाकर थापता थापता तुम्हाला विचारते आहे, "तिले काऊन दटावलं? काय चुकलं तिचं?" तुम्ही म्हणता, "आताच देश एक होऊन राह्यला. वरून आलेल्याले मी वाकडं कसं म्हनू?" भाकर मोडून ताटात तशीच ठेवता. पुढच्या शनिवारी आम्ही पंतप्रधानांची कामं घोकत होतो. सरपंच नेहमीसारखे दारापर्यंत आले, "आज नाही का, गुरुजी?" म्हणाले. तुम्ही नुसती मान हलवलीत. ते परत गेले.

आता माझं ऐका. देशाचं शिकवू नका असं मी कधीच म्हटलं नाही. पुढे मीही मास्तरीण झाले, राज्यघटना जीव ओतून शिकवली, हवं तर माझ्या वर्गातल्या पोरांना विचारा. पण दिल्लीहून पुस्तक एक आलं म्हणून प्रश्नही एकच कसे येतील? ज्या पोराला समोरच्या सरपंचाला विचारता येत नाही, ते दूरच्या पंतप्रधानाला काय कपाळ विचारणार? मला नोकरी लागायच्या आधीच तुम्ही गेलात. लोणारकडच्या शाळेत रुजू झाले आणि पहिल्याच शनिवारी तिथल्या सरपंचांना सतरंजीवर बसवलं. पुढे शिक्षणात केंद्राचा हात आणखी लांबला. आराखडे आले, परिपत्रकं आली, सरकार बदललं की इतिहासाची पानं बदलू लागली. माझा शनिवार काही बदलला नाही. ताकीद मिळाली, मग देऊळगाव राजाकडे बदली झाली. गेले! सतरंज्या काय, सगळ्याच शाळांत असतात. तिथल्या साहेबांनी विचारलं, "बाई, हे कुठल्या अभ्यासक्रमात आहे?" म्हटलं, "माझ्या बापाच्या." तुम्ही तो अर्ध्यावर टाकलात, हे मी त्यांना कशाला सांगू?

हे पत्र मी कुठं ठेवणार नाही, कुणाला दाखवणार नाही. गावात अजून म्हणतात, बाई कुणाच्या बापाला भ्याली नाही. दिल्लीला नाहीच भ्याले. पण बाबा, तुम्ही असता आणि एकदा जरी "नको गं" म्हणाला असता, तर दुसऱ्या शनिवारी मी सरपंचांना बोलावलं नसतं.