आत्याचं आमेन आलं नाही

पप्पा,

तुम्ही आतल्या खोलीत फोनवर उपासना घेताय, म्हणून हाक मारली नाही. मघाशी प्रार्थना संपल्यावर स्पीकरवर सगळ्यांचं आमेन ऐकू आलं, आत्याचं काही आलं नाही. तिच्या घरात ती एकटीच, म्हणून मी तिला वेगळा फोन लावला. नुसती धाप ऐकू येत होती. शेवटी कशीबशी म्हणाली, "तू येऊ नकोस गं." ॲम्ब्युलन्सला कळवलंय आणि मी तिच्याकडे निघालेय.

तुम्हाला दमा आहे, हा कोरोना तुम्हाला झेपणार नाही, माझ्यामागे धावत येऊ नका. मंडळीला शेवटचं गीत म्हणू द्या, मगच सांगा.

मला फार भीती वाटतेय. परतताना मागच्या दाराने येईन. पप्पा, तेव्हा मी कितीही रडले तरी मला जवळ घेऊ नका.

धाकटी