तिन्ही बाजूंना नदी

बनी पार्क, जयपूर
९ नोव्हेंबर १९५८

प्रिय कोंडिबा,

तुझे कार्ड मिळाले. दहा वर्षांनी लिहिलेस आणि तेही चार ओळी : "पोरीचं, शकूचं, ठरल्यालं लगीन दुसऱ्यांदा मोडलं. हितं आता ऱ्हायचं न्हाई. तू नकाशावाला, कंचं शहर चांगल्या जागी हाय ते कळव, बिऱ्हाड तिकडं हलवतो." कॉलेजात मी शिकवतो त्यातला हा माझा आवडीचा विषय. म्हणून क्रमाने सांगतो. पत्र लांबेल, परंतु अर्ध्यावर टाकू नकोस.

शहराची जागा जोखताना दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्यात. एक, पायाखालची भूमी : पाणी, उंचवटा, आडोसा. दुसरी, भोवतालचा मुलूख : कोणत्या वाटा तेथे येऊन मिळतात. पहिलीने शहर तगते, दुसरीने वाढते. हे जयपूरच घे. जुनी राजधानी आमेर डोंगरांच्या बेचक्यात होती. शत्रूला चढायला कठीण, पण व्यापाऱ्यालाही तितकीच कठीण. सव्वादोनशे वर्षांपूर्वी येथल्या राजाने धाडस केले आणि राजधानी खाली मैदानात आणली. उत्तरेला आणि पूर्वेला डोंगर पाठीशी राहिले, दक्षिणेची बाजू वाटांसाठी मोकळी सुटली. दर वर्षी मी मुलांना नाहरगडच्या तटावर नेतो आणि छडीने हे सारे दाखवतो. खाली चौकोनी आखलेले शहर पाहून ती हरखतात आणि, खरे सांगतो, मीही हरखतो.

यंदा नंदकिशोर नावाचा एक विद्यार्थी तेथे म्हणाला, "सर, मतलब सबसे बढ़िया जगह तो वही हुई ना, जहाँ दुश्मन पहुँच ही न सके?" मी त्याला इस्तंबूलचे उदाहरण दिले. दोन बाजूंना समुद्र, तिसरीकडे तिहेरी तट, बंदराच्या तोंडाशी लोखंडी साखळी. हजार वर्षे जगातली सर्वांत उत्तम जागा म्हणून लौकिक. साखळी तुटेना, तेव्हा चालून आलेल्या तुर्की सुलतानाने फळ्यांना चरबी फासून गलबते टेकडीवरून ओढत नेली आणि आतल्या पाण्यात उतरवली. रक्षकांना तटावरची माणसे काढून तिकडे पाठवावी लागली. पुढे तट पडला, तीन दिवस लूट चालली, चर्चमध्ये लपलेली माणसे दोरांनी बांधून विकायला नेली. सिंगापूरचेही असेच. इंग्रजांच्या मोठ्या तोफा समुद्र रोखून बसल्या आणि जपानी आले जमिनीकडून. हे सांगता सांगता मी मध्येच थांबून तटाला टेकलो. पोरांना वाटले, सरांना चढण बाधली.

कोंडिबा, मला आपले गाव दिसत होते. कृष्णेने तिन्ही बाजूंनी घातलेला वेढा, चौथीकडे वेस. गावच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा वर्गात मी नेहमी म्हणे, गावासाठी याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. गांधीजींची हत्या झाली त्या आठवड्यात, मारेकरी आमच्या जातीचा म्हणून, तालुक्याकडून जमाव आमची घरे जाळत निघाला, तेव्हा तूच गावातले गडी गोळा करून वेशीवर उभे केलेस. "मास्तराच्या घराला हात लावायचा तर आदी माझ्या अंगावरनं जावा," हे तुझे ओरडणे मला घरात ऐकू आले होते. वेशीवर कोणी आलेच नाही. भर दुपारी ते मागून आले, नदीतल्या उतारावरून, कमरेइतक्या पाण्यातून. डोहाच्या पोटातून वाकडातिकडा जाणारा तो कातळ गावात आपल्या दोघांनाच ठाऊक होता. आपण शाळकरी असताना वेळूच्या काठीने तो चाचपून काढला होता आणि भिजून घरी आल्यावर आईला फुशारकीने सांगितलेही होते.

पुढचे तू पाहिलेस, तरी लिहितो, कारण मी ते कधी उच्चारलेले नाही. त्यांनी घरावर रॉकेल ओतले. वडील फक्त म्हणाले, "बाबांनो, जनावरं तेवढी सोडू द्या." गाईचे दावे सोडायला ते वाकले, तेवढ्यात मानेवर कुऱ्हाड बसली. गोठ्याचे छप्पर पेटून खाली आले. वासरू ओरडत होते ते थांबले, मग नुसता वास उरला. तू वेशीकडून धावत आलास, जाळात शिरलास आणि वडिलांना पाठीवर घेऊन बाहेर पडलास. तुझा सदरा त्यांच्या रक्ताने पाठीला चिकटला होता. आईने तुला तसे पाहिले आणि किंचाळली, "यानंच आणलं त्यांना! गडी वेशीवर अडकवले आणि मागची वाट दाखवली! दुसऱ्या कुणाला ठाऊक होती?" चौकीत तुझा डावा गुडघा फोडला. अकरा महिने तुरुंगात काढून पुरावा नाही म्हणून सुटलास, पण गावाने सोडले नाही. "उतारवाला" हे नाव तुला चिकटले आणि आता ते शकूच्या सोयरिकी मोडते आहे.

उतार मी दाखवला, कोंडिबा. आधीच्या दिवाळीत तालुक्याच्या शाळेत प्रदर्शन होते. मी गावाचा मोठा नकाशा काढला, डोहातला कातळ तांबड्या शाईने रेखला आणि येईल त्याला छडीने समजावले : "जागा उत्तम, मात्र उणीव ही एवढीच. येथून शंभर माणसे सहज पार होतील." लोक माना डोलावत, आणि मला चेव येई. तो नकाशा पुढे दोन महिने शाळेच्या भिंतीवर होता. जमाव गेल्यावर मी नदीवर पाणी आणायला गेलो, तर तो उताराच्या वाळूत पडलेला, ओला, घड्या पडलेला. मी तो घरी आणला आणि जळत्या वाशावर ठेवला. मग तुला दोरी लावून नेताना पाहत उभा राहिलो. वडिलांना मी मारले असे आईने म्हणू नये, एवढ्यासाठी.

म्हणून तुझ्या प्रश्नाचे उत्तर : कोणतेही शहर शोधू नकोस, गाव सोडू नकोस. हे पत्र पोलीसपाटील वसंतरावांच्या हाती दे आणि चावडीवर मोठ्याने वाचायला सांग. खाली पूर्ण नावाची सही केली आहे. पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतो. शकूची सोयरीक मोडणाऱ्या दोन्ही घरी तुझ्याबरोबर येईन आणि हेच बोलेन. आज सकाळी आईला सगळे वाचून दाखवले. ऐकून ती उठली आणि आत गेली. दुपारी स्वतःची ट्रंक भरायला बसली. मी जवळ गेलो, तर वर न पाहता एवढेच म्हणाली, "अकरा महिने तुरुंगात कोंडिबाला डबा कोण देत होतं रे?"

तुझाच, आणि तुझ्यापुढे उभे राहायला येणारा,
सदाशिव आप्पाजी गोडबोले